नाना कंपाउंडरांचे पाच प्रकार

नाना कंपाउंडर कुणालाही भेटले की आधी त्याचं कोपर बघत. ख्यालीखुशाली नंतर. बाही वर सारून, खिशातलं भिंग डोळ्याला लावून ते कोपर नीट तपासत आणि "स्वच्छ आहे, जा," म्हणून सोडून देत. मुंबईच्या बोटीतून उतरणारे पाहुणेसुद्धा यातून सुटत नसत.

दवाखान्यात तीस वर्षं त्यांनी औषधं कालवली. त्यातून त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती, आणि ती रत्नागिरीत दुसऱ्या कुणालाच कळत नाही याचा त्यांना भयंकर संताप होता. अंगावर चट्टा दिसला की लोक महारोग म्हणून मोकळे होत. "मेल्यांनो, सोरायसिस तो," नाना कडाडत. "कुणाचा कुणाला लागत नाही. आणि एकच का आहे? पाच प्रकार आहेत."

मग सुटका नसे. कोपरा-गुडघ्यांवर जाड लाल चट्टे आणि वर अभ्रकासारखा पांढरा कोंडा, हा पहिला, नेहमीचा. घसा धरून गेल्यावर पोरासोरांच्या अंगावर थेंबाथेंबांनी उठतो तो दुसरा. काखेत, जांघेत, घामाच्या घडीत लाल, गुळगुळीत, खवला म्हणून नाही, तो तिसरा. "त्याला सगळे गजकर्ण म्हणतात. गाढव लेकाचे." तळव्यांवर पुवाच्या पुळ्या येतात तो चौथा, पू दिसला तरी तोही लागत नाही. पाचव्यात अंगभर कातडी लाल होऊन सोलवटते. तिथे मात्र नाना आवाज खाली आणत. "तेव्हा लेप फासत बसू नये. डॉक्टर गाठावा." हे सगळं त्यांनी मला एकदा भर बाजारात, माझी भाजीची पिशवी धरून ठेवून ऐकवलं.

एका श्रावणात शेजारच्या बापूंकडे सत्यनारायण होता. सगळ्यांची पानं माजघरात, आणि जोशीमास्तरांचं तेवढं बाहेर पडवीत. मास्तरांच्या कोपरांवर चट्टे होते. ते मुकाट्याने जाऊन बसले. मला राग आला, पण मी आमटी भुरकत राहिलो. त्याची लाज मला अजून वाटते.

नाना भरल्या पानावरून उठले. "बापू, पहिला प्रकार आहे तो. भिंग देऊ?"

"नाना, घरात लेकीसुना आहेत. उगाच विषाची परीक्षा कशाला?"

"विष तुमच्या डोक्यात आहे," नाना म्हणाले. त्यांनी आपलं वाढलेलं पान दोन्ही हातांनी उचललं, माजघरभर आमटीची धार धरत बाहेर नेलं आणि मास्तरांच्या मांडीला मांडी लावून जेवले. चिडून चार वेळा शिरा मागून घेतला.

जेवणं झाल्यावर मी त्यांना पोचवायला गेलो. वाटभर साऱ्या गावाचा उद्धार चालला होता. घराच्या पायरीशी मात्र ते थांबले. पडवीत त्यांच्या पत्नी, माई, एकट्याच जेवत होत्या. बांगड्यांच्या वर, कोपरांपाशी, पांढरा कोंडा धरलेले लाल चट्टे दिसत होते.

"लग्नानंतर दोन वर्षांनी आलं हे," नाना हळू म्हणाले. "आईने हिचं पान इथे मांडलं. तेव्हा मला एकसुद्धा प्रकार ठाऊक नव्हता. मी आत जेवत राहिलो. आई जाऊन वीस वर्षं झाली. रोज सांगतो, आत चल."

"मला इथेच बरं वाटतं हो," माई म्हणाल्या. "सवय झाली. तुम्ही जेवून आलात ना?"

माईंच्या पाटाला लागून दुसरा एक पाट मांडलेला होता, बसून बसून गुळगुळीत झालेला.

"नाही," नाना म्हणाले, आणि त्यावर जाऊन बसले. "वाढ गो."