साळूबाईची उचकी

बाळांनो, एका जंगलात (कुठल्या ते विचारू नका, विचारलंत तर तुमच्याच गावाजवळचं निघायचं) साळूबाई नावाची एक साळिंदरबाई राहत होती. ती जमीन खणून जुन्या काळच्या वस्तू शोधायची. जंगलाच्या कडेला पांढऱ्या मातीचं एक टेकाड होतं. तिथे फार पूर्वी कुणीतरी राहून गेलं होतं. कोण, तेच तर तिला शोधायचं होतं.

तिचा खड्डा बघण्यासारखा असे. चौकोनी, भिंती सरळ, काठ साफ. स्वतःच्याच अंगावरचा एक काटा काढून ती त्याने हळूहळू माती खरवडायची. घरी जाताना खड्ड्यावर फांद्या टाकायची, भोवती काटेरी कुंपण घालायची. पाणवठ्याची वाट तिथूनच जात होती ना! कुणी पडायला नको.

आजवर तिला नुसती खापरं मिळाली होती. पण परवा खड्ड्याच्या कोपऱ्यात एका गाडग्याचा गळा दिसला. गाडगं अख्खं होतं! साळूबाई आनंदाने इतकी फुलली की तिच्या जवळ जायची सोय राहिली नाही.

तेवढ्यात राजाची दवंडी आली. जंगलात विद्वान फार झालेत, तेव्हा खरा विद्वान कोण ते मोजलं जाईल आणि पांढरं टेकाड त्यालाच मिळेल. कशाने? तर उचक्यांनी.

हसू नका. कुणी आठवण काढली की उचकी लागते, हे तुम्हालाही ठाऊक आहे. ज्याची आठवण जास्त, त्याला उचक्या जास्त. ज्याला उचक्या जास्त, तो मोठा विद्वान. ही युक्ती सिंहमहाराजांना जेवताना सुचली होती. तेव्हा त्यांना ठसका लागला होता.

मोजणीसाठी समिती बसली. अध्यक्ष गवासाहेब. उचक्या मोजायला टिटवी.

जंगलात कोल्होबा नावाचेही एक विद्वान होते. त्यांनी आयुष्यात बोटभर माती उकरली नव्हती. पण 'शेपटीचा प्राचीन इतिहास' हा त्यांचा निबंध होता आणि त्यावर त्यांच्या सगळ्या भाच्यांची नावं होती. रोज सकाळी मामा-भाचे गोल करून बसायचे आणि एकमेकांची आठवण काढायचे. त्या झाडीतून नुसता 'हिक्, हिक्' असा आवाज यायचा.

कोल्होबा साळूबाईकडे आले. म्हणाले, "साळूताई, तुमच्या गाडग्यावर माझं नाव घाला. हिक्! माझे भाचे तुमची आठवण काढतील."

"म्हणजे तुम्ही खणायला येणार?"

"खणायला?" कोल्होबांनी पंजे मागे घेतले. "अहो, मी सहकार्य म्हणतोय. काम नाही म्हणत."

साळूबाईने काटे ताठ केले. कोल्होबा लांबूनच नमस्कार करून गेले.

इतक्यात टिटवी आली. "साळूबाई, चला. आत्ताच्या आत्ता. उचकी नाही लागली तर टेकाड कोल्होबांना मिळणार!"

साळूबाईचा जीव गाडग्यात अडकला होता. ती तशीच धावली. त्या गडबडीत फांद्या राहिल्या आणि कुंपणही राहिलं.

दरबारात ती मधोमध उभी राहिली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसले. एक उचकी येईना. तिने श्वास रोखला, मान ताणली, कोरडी पानंसुद्धा खाऊन पाहिली. शेवटी आली ती ढेकर.

"ढेकर धरत नाहीत," टिटवी म्हणाली.

"खापरवाल्या बाईची आठवण कोण काढणार?" गवासाहेब उठले. "टेकाड कोल्होबांना. मी पाणी पिऊन येतो, मग शिक्का मारू."

साळूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. टेकाड गेलं होतं. गाडगं आता कोल्होबांचे भाचे ओढून काढणार होते.

थोड्या वेळाने पाणवठ्याच्या बाजूने धप्प आवाज आला. मागोमाग गवासाहेबांची डुरकणी.

"मुडदा बशिवला त्या साळीचा!"

"हिक्!" साळूबाई म्हणाली.

दरबार दचकला. गवासाहेबांना काढायला हत्ती गेला, तोही पडला. हत्तीला बघायला अस्वल गेलं. मग रानडुकरं गेली, सगळ्या कुटुंबासकट. जो पडे तो साळूच्या नावाने शिमगा करी.

हिक्! हिक्! हिक्! मोजता मोजता टिटवीचा घसा बसला.

"पण महाराज, या शिव्या आहेत!" कोल्होबा कळवळले.

"आठवण कशी काढावी हे नियमात नाही," टिटवी घोगऱ्या आवाजात म्हणाली. "काढली ना? झालं."

संध्याकाळी साळूबाईला 'महाविदुषी' ही पदवी मिळाली. शाल गवासाहेबांनीच घातली, एका शिंगाने. दुसरं खड्ड्यात राहिलं होतं. घालताना ते मनात काहीतरी पुटपुटले. हिक्! टेकाड तिला कायमचं मिळालं. शिवाय हुकूम निघाला की हा थोर खड्डा कुणीही बुजवू नये.

साळूबाई पळतच टेकाडावर गेली. एवढे सगळे पडले, पण गाडगं कोपऱ्यात होतं म्हणून वाचलं होतं. तिने काट्याने शेवटची माती काढली. गाडगं सुटं झालं. तिने ते दोन्ही हातांनी उचललं. किती हलकं होतं ते! कुणाच्या तरी घरचं असेल. कुणीतरी रोज घासलं असेल.

तिकडे पाणवठ्यावर हत्ती गुडघा चोळत बसला होता. त्याला तिची आठवण झाली.

हिक्!

गाडगं हातातून सुटलं.

साळूबाई तुकड्यांकडे बघत राहिली आणि मग लहान मुलीसारखी रडली. रडतानाही उचक्या थांबेनात.

खड्ड्याच्या काठावर कोल्होबा आले. खाली वाकून बघताच त्यांचा चेहरा उजळला.

"वा, साळूताई! आधी एकच निबंध झाला असता. आता जितकी खापरं तितके निबंध! माझं नाव कुठल्या खापरावर घालताय?"

तात्पर्य: बाळांनो, संशोधन कितीही खोल करा, पण मोठं व्हायचं असेल तर खड्डा बुजवू नका.