नवशिक्या सिंहाचं मैदान

मुलांनो, एका जंगलात सगळं बरं चाललं होतं, आणि नेमकं तेच राजाला बघवेना. शेजारच्या जंगलात पाहुणचाराला गेलेला सिंह परत येताना गोल्फची काठी घेऊन आला.

"मला मैदान हवं," तो म्हणाला. "आणि सोपं नको. नवशिक्याचा कस लागला पाहिजे."

नवशिका तो एकटाच होता. पण हे त्याला सांगणार कोण?

कोल्हेपंतांनी जन्मात गोल्फ पाहिला नव्हता, म्हणून मैदान आखायला त्यांनाच नेमलं. त्यांनी हरणांचं कुरण घेतलं. मधोमध वड होता, पुढे तळं होतं. पलीकडे त्यांनी चेंडू पडायला वाटीएवढा खड्डा खणला.

"वा! याला म्हणतात आव्हान," म्हणत सिंहानं काठी फिरवली. चेंडू वडावर आपटून त्याच्याच पायाशी आला.

"हे झाड इथं कुणी लावलं?"

वड तोडला. पुढचा चेंडू तळ्यात गेला.

"आणि हे तळं?"

हत्ती माती घेऊन आले. टिकली नावाची हरिणी पाडसाला घेऊन आडवी उभी राहिली. "महाराज, आमचं एवढंच पाणी आहे. आम्ही प्यायचं काय?"

"बाई, खेळात राजकारण आणू नका," कोल्हेपंत म्हणाले.

तळं बुजलं. मैदान पोळपाटासारखं सपाट झालं, तरी चेंडू खड्ड्यात जाईना. मग खड्डा परातीएवढा केला, मग विहिरीएवढा. सिंह तरीही चुकायचा, आणि दरबारी निर्लज्जपणे म्हणायचे, "थोडक्यात हुकलं!"

खणता खणता खाली झरा लागला. खड्डा तुडुंब भरला. तहानलेलं पाडस धावत सुटलं. इतक्यात सिंहानं डोळे मिटून काठी फिरवली. डुबुक!

आता याला तळं म्हणायचं की खड्डा? टिकलीचा जीव टांगणीला लागला.

"खड्डा! महाराज जिंकले!" कोल्हेपंत ओरडले.

टिकलीला हायसं वाटलं. जिंकलेला खड्डा कोण बुजवणार?

बुजवला नाहीच, मुलांनो. उपसला. विजयी चेंडू तळाशी होता आणि तो दरबारात मांडायचा होता. हत्तींनी झऱ्याच्या तोंडात धोंडा ठोकला आणि शेवटचा थेंबसुद्धा बाहेर काढला. चेंडू सापडला. टाळ्या झाल्या. हरणांनाही वाजवाव्या लागल्या.

तात्पर्य : मैदान नवशिक्याचा कस पाहणारं असावं. फक्त खेळायला सिंहानं उतरावं आणि कस हरणांचा लागावा.