दरबार इटालियनमधील सोयरीक

सुज्ञ वाचकहो, एका सत्शील हॉटेलमालकाची अब्रू, दोन सज्जन कुटुंबांची भूक आणि एका तरुण जोडप्याचे भवितव्य ही तिन्ही एकाच टेबलावर, एकाच पिझ्झ्याभोवती कशी अडकून पडली, याचे यथातथ्य कथन आता आपणापुढे होणार आहे. हे कथन रिकाम्या पोटी वाचू नये, एवढीच प्रारंभी नम्र सूचना.

चंद्रपूर शहरात रईसभाईची 'दरबार बेकरी' त्याच्या वडिलांच्या काळापासून सुप्रसिद्ध होती. तेथील टोस्ट चहात बुडविला असता मोडून पडत नसे, ही त्याची ख्याती घुग्घुसच्या खाणकामगारांपर्यंत पोहोचलेली होती. परंतु मनुष्याच्या मनात महत्त्वाकांक्षेचा उंदीर एकदा शिरला की तो सुखाचे पोते कुरतडल्याशिवाय राहत नाही. मोबाईलवर परदेशी स्वयंपाक पाहता पाहता रईसभाईला साक्षात्कार झाला की, ज्या भट्टीत टोस्ट भाजतो त्याच भट्टीत पिझ्झाही भाजतो. त्याने फलक उतरविला, नवा चढविला. त्यावर 'दरबार इटालियन' अशी अक्षरे आणि एका मिशाळ आचाऱ्याचे चित्र होते. तो आचारी रईसभाईच्या मामेभावासारखा दिसे, हा भाग निराळा.

त्याची पत्नी निशात हिला हा प्रकार मुळीच मान्य नव्हता. त्या रविवारी सकाळी मैदा मळता मळता तिने निर्वाणीचे बोलणे काढले.

"पोट्टे येतात, फोटो काढतात, अर्धं टाकून जातात. पोटभर जेवलेला एक माणूस दाखव मले."

"धीर धर ना निशात. लोकायले सवय लागन."

"आज दिवसभरात एक जरी गिऱ्हाईक ताट पुसून उठलं, तर तुझा बोर्ड राह्यला. नाही उठलं, तर उद्यापासून भट्टीत टोस्ट. कबूल?"

"कबूल!" रईसभाई छाती पुढे काढून म्हणाला. मात्र त्याला ठाऊक नव्हते की, निशातने पहाटेच टोस्टचे एक मोठे ताट भाजून कपाटात दडवून ठेवले होते. पतीवर विश्वास असावा, परंतु भट्टी वाया जाऊ देऊ नये, असे तिचे धोरण होते.

दुपार होताच रईसभाईचे भाग्य फळफळले. दारात एक भरगच्च परिवार उभा राहिला. सिंदेवाहीच्या भातसंशोधन केंद्रात नोकरीस असलेला पवन कोवे, त्याचे वडील मुखरू, आणि दुसऱ्या बाजूस गडचिरोलीकडील जंगलपट्टीतले लच्छू मडावी, त्यांची पत्नी बुधरीबाई व कन्या दीपिका. दीपिका चंद्रपुरात नर्सचे शिक्षण घेत होती आणि भेटीची ही जागा तिनेच सुचविली होती. ना मुलाचे घर, ना मुलीचे. म्हणजे कोणाला कमीपणा नको.

"या भाऊ, या बाई! वर एसी आहे, वर बसता का?" रईसभाईने विचारले.

"वर नाई जमत," मुखरू म्हणाले. "माये गुडघे जिन्याले घाबरतात."

तेव्हा मंडळी खालीच बसली. पवनने एक मोठा पिझ्झा मागविला आणि सर्वांचे डोळे दाराकडे लागले.

येथे वाचकांस एक गोष्ट सांगणे लेखकाचे कर्तव्य आहे, कारण रईसभाईला ती कोणी सांगितली नाही. या दोन्ही कुटुंबांत अशी रीत होती की, सोयरीक ठरविताना अन्न मांडायचे, पण पहिला घास मध्यस्थाने घ्यायचा. त्याने घास घेतला म्हणजे शब्द पक्का झाला. मुलीकडच्यांनी आधी खाल्ले तर ते उतावीळ ठरतात. मुलाकडच्यांनी आधी खाल्ले तर ते हावरट ठरतात. आणि परका मनुष्य आधी खाईल, तर सोयरीक तेथेच मोडते. शिवाय शब्द पक्का होईपर्यंत परक्यापुढे त्याचा उच्चारही करायचा नाही, नाहीतर नजर लागते. मध्यस्थ होते मंगरूबाबा. ते अद्याप आलेले नव्हते, आणि बॅटरी उतरू नये म्हणून ते आपला फोन नेहमी बंदच ठेवीत.

पिझ्झा आला. वाफा निघाल्या. कोणी हात लावला नाही.

"फुगलेली भाकर दिसते वं," बुधरीबाई हळूच म्हणाल्या. "वर दही सांडलं का काय?"

"तिकडं पाहू नको," लच्छू म्हणाले. "पाह्यलं की लाळ सुटते."

रईसभाई गल्ल्यामागून पाहत होता. चीजवर साय धरली, साईचे कातडे झाले, तरी पाचही जण पिझ्झ्याकडे असे बघत होते, जणू तो परीक्षेचा कठीण प्रश्न असावा. अखेर तो जवळ गेला.

"काही चुकलं का भाऊ?"

"नाई नाई. मस्त आहे," मुखरू म्हणाले.

"मग खाऊन काऊन नाई राह्यले?"

"खाऊ ना."

"केव्हा?"

"वेळ आली की."

रईसभाईने तो थंड पिझ्झा उचलला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत सरकविला. "आवडला नाही वाटते. पास्ता दे, पांढरा, लोणी जरा जास्त."

निशातने पिझ्झा भट्टीत पुन्हा गरम केला आणि मागच्या जिन्याकडे दिसेनाशी झाली. थोड्या वेळाने रिकामे ताट घासायच्या ढिगात येऊन पडले. ती तो कुत्र्यांना घालते, असा ग्रह होऊन रईसभाईचे हृदय विदीर्ण झाले.

पास्त्याचीही तीच गत झाली. दीपिकाने तर डोळेच मिटून घेतले. पवन तिच्याकडे बघे, मग पास्त्याकडे बघे आणि आवंढा गिळे. तो आवंढा नेमका कोणासाठी होता, हे सांगणे अवघड आहे.

"यायले फिकं नाही जमत," रईसभाईने स्वतःशी निदान केले. त्याने आत जाऊन स्वहस्ते नवा पिझ्झा रचला. त्यावर भाजलेल्या वांग्याचे भरीत, लाल मिरचीचा ठेचा आणि भरपूर लसूण घातला. इटलीत हा पदार्थ कोणी ओळखला नसता, परंतु चंद्रपुरात त्याच्या वासाने रस्त्यावरचा वाहतूक पोलीसही आत डोकावून गेला.

तो वास टेबलावर पोहोचताच लच्छूंच्या डोळ्यांत पाणी आले. "बुधरे, आपल्या शेतातल्या मिरचीचा वास आहे वं हा."

"तोंड बंद ठेवा. मंगरूबाबाची बस येतच असन."

रईसभाईला फक्त अश्रू दिसले. आपले अन्न पाहून एक प्रौढ गृहस्थ रडतो आहे, याहून मोठी नामुष्की कोणत्या आचाऱ्याच्या वाट्याला आली असेल? तोही पिझ्झा आत गेला, निशातही मागच्या जिन्याने गेली, आणि तेही ताट रिकामे होऊन परत आले.

आता शेजारच्या टेबलावरील खुशबू आणि रिना या कॉलेजकन्यकांनी काटे खाली ठेवले.

"रिना, ते लोक खाऊन काऊन नाई राह्यले?"

"त्यायले काही माहीत असन. म्हातारा तर रडून राह्यला बघ."

"अगं, मी तर अर्धा खाल्ला ना!"

शंका ही गाजरगवतासारखी असते. एका बांधावर दिसली की उद्या सगळ्या शिवारात दिसते. कोपऱ्यातील सिमेंट कारखान्याचे साहेब सहकुटुंब हात धुवायला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. वरोऱ्याहून आलेले एक जोडपे दारातच थबकले, आतले चेहरे पाहिले आणि समोरच्या वडेवाल्याकडे वळले.

रईसभाईचा संयम संपला. आता लाज कसली? त्याने उरलेल्या कणकेचा अखेरचा पिझ्झा आणून टेबलावर ठेवला, स्वतः खुर्ची ओढून त्यांच्यात बसला आणि बोलू लागला.

"भाऊ, बाई, तुम्ही माझ्या वडिलांसारखे, आईसारख्या. माझ्या अन्नावर भरोसा नाही ना तुमचा? मग पाहा. अल्ला कसम, हा पहिला घास मी तुमच्यासमोर खातो."

त्याने तुकडा उचलला. तोंडाजवळ नेला.

"थांबा!"

पाचही जण एकाच वेळी उठले. मुखरूंनी, गुडघे विसरून, टेबलावरून झेप घेतली आणि रईसभाईचे मनगट पकडले. "खाऊ नका भाऊ! सत्यानाश होईन!"

"तुमच्या पाया पडतो," लच्छू ओरडले, "तोंडात टाकू नका ते!"

या दोन वाक्यांचा हॉलवर काय परिणाम झाला, याची कल्पना वाचकांनीच करावी. कोणीतरी "विष!" असे किंचाळले. खुर्च्या उलथल्या. खुशबूने रडत रडत आईला फोन लावला; रिनाने तिच्या तोंडावर पाण्याचा जग रिकामा केला, का ते तिलाही नंतर सांगता आले नाही. गल्ल्यावरचा प्लास्टिकचा फुलदाणीसंच कोसळला आणि फलकावरचा मिशाळ आचारीसुद्धा, का कोण जाणे, तिरपा झाला. रईसभाई तुकडा हातात धरून, मनगट मुखरूंच्या हातात देऊन, शून्यात बघत बसला. उद्यापासून टोस्ट. जन्मभर टोस्ट.

इतक्यात मागच्या जिन्यावर जड पावले वाजली. एकेक पायरीवर थांबत, एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने पोट सांभाळीत एक पागोटेधारी वृद्ध खाली उतरले आणि त्यांनी असा ढेकर दिला की गोंधळ जागच्या जागी शांत झाला.

"कायचा दंगा लावला रे?"

"मंगरूबाबा!" पाच तोंडांतून एकच शब्द निघाला. "तुमी कुठी होते?"

"कुठी म्हंजे? वर! सकाळीच मागच्या जिन्यानं चढलो. पवन्या, तूच तं म्हणला, पयल्या गाडीनं या आन वर एसीत बसा म्हून."

पवनने कपाळावर हात मारला. प्रेमात पडलेल्या मनुष्याने दिलेला निरोप तो स्वतःच विसरतो, हा अनुभव नवा नाही.

"आता मात्र काही पाठवू नका बापा," मंगरूबाबा हात जोडून म्हणाले. "मी मध्यस्थ आहो, अजगर नाई. पयली भाकर आली, म्या घास घेतला, मनात म्हटलं, झाली सोयरीक. मंग त्या पांढऱ्या शेवया आल्या. मंग मिरचीवाली आली. म्हटलं, सोयरे रीतीले लय पक्के दिसतात, हरेक पदार्थ पयले मध्यस्थाले पाठवून राह्यले! मंग मध्यस्थानं नाई कसं म्हणावं?"

"बाबा, एकच घास घ्याचा असते ना!" बुधरीबाई कळवळून म्हणाल्या.

"ते मले माहीत आहे. पण चव चांगली होती."

लच्छूंनी सावकाश विचारले, "म्हंजे सोयरीक..."

"पयल्याच घासाले पक्की झाली. दुपारीच. काऊन, तुमी अजून जेवले नाई का?"

या प्रश्नानंतर जी शांतता पसरली, तीत पाच उपाशी पोटांचा गुरगुराट स्पष्ट ऐकू आला. पुढच्या क्षणी टेबलावरील पिझ्झा नाहीसा झाला. मुखरूंनी रईसभाईच्या हातातला तुकडा त्याच्याच हाताने खाल्ला. लच्छू आणि मुखरू, ज्यांनी दुपारभर एकमेकांशी एक शब्दही काढला नव्हता, ते शेवटच्या तुकड्यासाठी "तुमी घ्या सोयरे", "नाई, तुमी घ्या" करीत असताना दीपिकाने तो तुकडा मोडून अर्धा पवनला दिला आणि अर्धा स्वतः खाल्ला.

"आणखी आणा भाऊ!" सर्वजण एकसुरात ओरडले.

रईसभाईचा चेहरा पडला. "कणीक संपली."

तेव्हा निशात बाहेर आली. तिच्या हातात पहाटेच्या टोस्टचे मोठे ताट होते. टोस्टवर तिने पिझ्झ्यासाठी चिरलेले टोमॅटो, लसूण आणि थोडे तेल पसरले होते. दुसरे काही शिल्लकच नव्हते. मंडळी तुटून पडली. टोस्ट असे कुरुमकुरुम वाजू लागले की जणू सागाच्या वाळल्या पानांतून कळप निघाला आहे. जीव वाचल्याची खात्री पटून खुशबूनेही एक उचलला, दोन उचलले, आणि मग मोबाईलवर काहीतरी शोधून ती ओरडली, "काकू, हे तर खरंखुरं इटालियन आहे! तिकडं भाजलेल्या पावावर असेच टोमॅटो टाकून देतात. ब्रुशेटा म्हणतात याला!"

"टोस्ट म्हणतात याले," निशात शांतपणे म्हणाली.

रईसभाई मात्र दुसऱ्याच विचारात होता. त्याने बायकोकडे निरखून पाहिले. "निशात, वरच्या बाबाची ताटं कोण नेत होतं?"

निशातने पदर सावरला.

"पहिलं ताट त्यायनं पुसून खाल्लं, तेव्हाच मले सांगितलं काऊन नाही?"

"सांगितलं असतं तर बोर्ड राह्यला असता," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. "पण दुसऱ्यांदा अन्न परत आलं ना, तेव्हा तुझं तोंड पाहवत नव्हतं. म्हणून तर जास्तीचं लोणी टाकून वर नेलं."

फलक राहिला. त्याच्या खाली निशातने स्वहस्ते 'व टोस्ट' हे दोन शब्द रंगविले, आणि पवन-दीपिकाच्या लग्नाची टोस्टची मागणी लच्छूंनी तेथल्या तेथे नोंदविली.

पुढल्या रविवारी रईसभाई दुकान उघडीत असतानाच मंगरूबाबा एका नव्याच वरपक्षाला आणि वधूपक्षाला घेऊन हजर झाले. त्यांनी दोन्ही कुटुंबांना खाली नीट बसविले, कोणी कशालाही हात लावायचा नाही अशी ताकीद दिली, आणि कठडा धरून जिना चढता चढता वळून म्हणाले, "रईसभाऊ, मी वर बसतो. रीतीपरमानं येऊ द्या सगळं. घाई नाई."

ही हकीकत आपण शेवटपर्यंत वाचलीत, त्याबद्दल आपले अन्नदात्याइतकेच ऋण मानतो. आपल्या घरी पाहुणा उपाशी न राहो आणि मध्यस्थ फार न जेवो, ही सदिच्छा.

आपला नम्र,
झिबल पांडुरंग वासेकर, घुग्घुस