जमीरची पाटी

बाबारावांच्या व्हॅनमधला इंजिनच्या बिघाडाचा पिवळा दिवा तिसऱ्यांदा लागला, तेव्हा जमीरने हातातला पाना असा आपटला की समोरच्या चहाटपरीवाल्या खेमसिंगच्या हातातला चहा सांडला. दारव्ह्याच्या बसस्टँडमागे जमीरचं गॅरेज होतं, आणि त्याचा राग त्या गॅरेजपेक्षा जुना होता.

"जमीरभाई, दिवा आला पुन्हा," बाबाराव खाली उतरत म्हणाले. मागच्या सीटवर त्यांची बायको तानाबाई मांडीवर झाकलेलं घमेलं घेऊन बसली होती.

"दिसून राह्यलं मले! आंधळा हाय का मी?"

संतापायला कारण होतं. पहिल्या खेपेला त्याने गाडीला स्कॅनर लावला, तर ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचा बिघाड निघाला. हीटर ऐकताच बाबाराव भडकले होते. "यवतमाळच्या उन्हात हीटर? काढून फेका तो!"

"अहो भाऊ, सायलेन्सरच्या नळीतला सेन्सर गरम होत नाही तोवर त्याले धूर समजत नाही! मंग गाडी पेट्रोल ढोसते, अन् बोंब तुम्हीच मारता!" जमीरने सेन्सर बदलला, त्याचा प्लग बाबारावांच्या नाकासमोर धरला आणि अख्ख्या बसस्टँडला ऐकू जाईल असं समजावलं. "हे दोन पांढरे वायर हीटरचे. याच्यात चावी दिली की करंट येते, चावी काढली की बंद. बॅटरी उतरत नाही, काही नाही! आता हा दिवा परत लागला ना, तर मी दुकानाची पाटी उतरवतो!"

खेमसिंगने हे नीट ध्यानात ठेवलं होतं. दुसऱ्या खेपेला फ्यूज उडालेला निघाला. फ्यूज काय, उडतच असतो, असं म्हणून जमीरने नवा टाकला आणि पाटीचा विषय चहाबरोबर गिळला. पण आता तिसरी खेप होती.

"जमीरभाई, शिडी देऊ का?" खेमसिंगने टपरीवरून विचारलं.

"तू चहा उकळ!"

ती पाटी त्याच्या अब्बांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली होती. जमीरने दात खाऊन फ्यूजचा डबा उघडला. फ्यूज पुन्हा उडाला होता. त्याने सेन्सर सुटा करून नवा फ्यूज टाकला, तो टिकला. सेन्सर जोडला, तरी टिकला. म्हणजे सेन्सर चांगला आणि फ्यूजही चांगला. मग दर वेळी तो उडवत होतं कोण?

"गाडी दुसऱ्या कोण्या मिस्त्रीले दाखवलती का?"

"नाही बा," बाबाराव म्हणाले आणि उगाच आभाळाकडे पाहू लागले.

जमीर गाडीखाली शिरला. पांढऱ्या वायरवरून बोट फिरवत गेला, तर एका जागी चिंधी बांधलेली लागली. चिंधी सोडली, तर आत वायर सोललेली. चिंधीला हिरवा काठ होता. तो बाहेर आला आणि तानाबाईंच्या लुगड्याकडे पाहतच राहिला. तिथेही तोच काठ होता.

"वहिनी, हे काय हाय?"

तानाबाईंनी घमेल्यावरचं फडकं काढलं. आत हेडलाइटचे दोन बल्ब, वायरचं भेंडोळं आणि तळाशी चिकटलेली मेलेली पाखरं होती.

"बोंडअळीचं पाखरू उजेडावर येते," त्या म्हणाल्या. "खाली पाण्याचं घमेलं ठेवलं का पडते त्याच्यात. वावरात लाइन राह्यत नाही, मंग गाडीच्या त्या पांढऱ्या वायरवर बल्ब जोडतो. मागच्या साली अळीनं सारा कापूस खाल्ला. यंदा काय नुसतं पाहत बसू?"

"मंग मले इचारायचं ना!"

"इचारलं होतं. पहिल्याच दिवशी, गाडीवर बल्ब जळते का म्हणून. तुम्ही म्हणाले, 'डोकं खाऊ नका, म्या काय सांगून राह्यलो ते ऐका.' मंग ऐकलं. चावी दिली की करंट येते, बॅटरी उतरत नाही. तुम्हीच तं शिकवलं!"

"अन् फ्यूज उडाला तवा काहून नाही सांगितलं?"

"सांगणार होतो," बाबाराव पुटपुटले. "तुमचं तोंड पाह्यलं अन् राहू दिलं."

जमीरला राग तर आला होता, पण या वेळी तो स्वतःवरचाच होता आणि काढायला समोर कोणी नव्हतं. फणफणत त्याने बॅटरीपासून जाड वायर ओढली, तिला वेगळा फ्यूज बसवला आणि मागच्या दारापाशी सॉकेट लावून दिलं. "बल्ब इथं लावा. इंजिन चालू ठेवा. त्या पांढऱ्या वायरचा फ्यूज बल्बाचा भार सोसत नाही, म्हणून उडते. अन् तिले हात लावला तर माझ्याशी गाठ हाय!"

मग खेमसिंगने विचारायच्या आत स्वतःच शिडी आणली, वर चढला आणि अब्बांची पाटी खाली उतरवली. ती पुसून आत ठेवताना त्याचे डोळे लाल झाले होते, आणि ते फक्त रागाने नव्हे.

पुढच्या बाजारच्या दिवशी गॅरेजसमोर गाड्यांची रांग लागली. पहिल्या जीपमधून एक म्हातारा उतरला.

"पाटी नसलेलं गॅरेज हेच का? तानाबाईनं खूण सांगितली. पाखराच्या दिव्याची लाइन इथंच काढून भेटते म्हणे. फक्त मालक आरडत असला का नीट ऐकत जा, कामाचं सारं त्यातच सांगते म्हणे."

"कोण आरडते?" जमीर असा ओरडला, की खेमसिंगच्या हातातला चहा पुन्हा सांडला.