कडीच्या डब्याचं गणित

“सव्वा महिन्यात एक शीत वाया जाणार नाही!”

रोह्याच्या एसटी स्टँडवर, पेण गाडीच्या खिडकीखाली उभं राहून शरद चौबळ मास्तरांनी ही घोषणा अशा आवाजात केली, की पुढच्या खिडकीतली बाई दचकली आणि तिने आपलं पोर जवळ ओढलं.

वत्सलाबाई लेकीच्या बाळंतपणाला पेणला निघाल्या होत्या. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात मास्तरांनी घरचा गॅस एकदाच पेटवला होता, तोही पार्सलावरची लाख वितळवायला. पण हायस्कुलात गणित शिकवणाऱ्या माणसाला स्वयंपाक म्हणजे काय अवघड? मापं आणि वेळ! बाकी आहे काय त्यात?

“मला शितांची काळजी नाही, तुमची आहे,” वत्सलाबाई म्हणाल्या. “मुकाट्याने अक्काकडे जेवायला जा.”

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण चंद्रावती. त्या मुद्दाम शेजारच्या वरसे गावाहून आल्या होत्या आणि बाजारात वांगं दाबून बघावं तशा मास्तरांकडे बघत होत्या.

“राहू दे गो त्यांना एकटं,” अक्का म्हणाल्या. “पण शरदराव, मी येत्या रविवारी येणार. एकूण एक झाकण उघडून बघणार. शिळं पडलेलं दिसलं नाहीतर टाकलेलं दिसलं, की त्याच पावली वरशाला चलायचं! मग सव्वा महिना माझ्याच पंगतीला.”

“कबूल!” मास्तर म्हणाले, आणि वरशाला जायची वेळ येऊ द्यायची नाही, हे त्यांनी तिथेच ठरवलं.

कारण अक्कांच्या परसात दुधीचा वेल होता. वेल कसला, अजगरच! बारा महिने धरायचा. सकाळी दुधीची भाजी, रात्री दुधीची आमटी आणि सणावाराला दुधीहलवा. मास्तर एकदा तिथे तीन दिवस राहिले होते. तिसऱ्या रात्री त्यांना डोक्याखालची उशीसुद्धा दुधी वाटायला लागली होती.

तेव्हा सोमवारी सकाळी मास्तरांनी कंबर कसली. शाळेला सुट्टीच होती. आधी कागद घेतला. एका जेवणाला आपण चार वाट्या भात खातो. दिवसाला दोन जेवणं. रोज रोज गॅसपाशी कोण उभं राहील, म्हणून दोन दिवसांचा एकदम करायचा. चार गुणिले दोन गुणिले दोन, सोळा! मास्तरांनी सोळा वाट्या तांदूळ मोजून पाहुण्यांच्या मोठ्या पातेल्यात घातले, उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि पेपर वाचायला बसले.

पोरांना तीस वर्षं काळ-काम-वेग शिकवणाऱ्या या माणसाला कच्चा तांदूळ शिजल्यावर तिप्पट होतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं!

अग्रलेख संपायच्या आत पातेल्यावरचं झाकण उठून उभं राहिलं. मास्तर धावले. अर्धा भात दुसऱ्या पातेल्यात काढला. ते भरलं. मग परात. मग पुरणाचं पातेलं. भात आपला येतोच आहे! अवघडलेल्या पाहुण्यासारखा एकेका भांड्यात शिरून अंग चोरून बसतोय आणि मागून आणखी चार जण येताहेत! शेवटी मास्तरांनी देवघरातलं अभिषेकाचं घंगाळसुद्धा काढलं. अठ्ठेचाळीस वाट्या! एवढा भात त्यांनी याआधी फक्त मुंजीत पाहिला होता, आणि तिथे खायला दीडशे माणसं होती.

दोन वेळा ते पोट फुटेस्तोवर जेवले. घंगाळसुद्धा रिकामं झालं नाही.

संध्याकाळी त्यांनी कडीचा डबा भातानं दाबून भरला आणि बोळापलीकडच्या रोहेकरांच्या ओट्यावर गेले. सायमन रोहेकर आणि मिरियमबाय, दोघंच म्हातारी माणसं. तीन मुलं, सुना, नातवंडं सगळी इस्रायलला गेलेली. मिरियमबाय ओट्यावर पावटे सोलत बसली होती.

“मिरियमबाय, आज मुद्दाम तुमच्यासाठी... म्हणजे आंबेमोहोर आहे हो! म्हटलं, द्यावा थोडा.”

मिरियमबायने झाकण उघडलं. डब्याकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं, त्यांच्या सदऱ्याला चिकटलेल्या शितांकडे बघितलं.

“बरं झालं, मास्तर,” ती एवढंच म्हणाली. “डबा सकाळी देते.”

आता शेजारच्या घरचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही आपल्याकडची रीत. मंगळवारी सकाळी डबा आला, तो जड! आत वडे होते. सोनेरी, वर तिळाचे दाणे, तोंडात घातले की कुर्र वाजणारे आणि आत कापसासारखे मऊ. मास्तरांनी एक खाल्ला. मग अकरा खाल्ले. बारावा हातात धरून ते खिडकीतल्या उजेडात बघत राहिले. या वयात ही बाई पहाटे उठून वाटते कधी, आंबवते कधी, तळते कधी! आणि आपण तिला काय दिलं, तर उरलेला भात!

पण रीत दोन्ही बाजूंनी असते. डबा रिकामा कसा पाठवणार? मास्तरांनी मनातल्या मनात माफी मागत त्यात पुन्हा भातच भरला. जोडीला परातीतला, घंगाळातला आणि सगळ्या पातेल्यांतलाही पोचता केला. “कोंबड्यांना झाला तर बघा,” असं पुटपुटले. रोहेकरांकडे कोंबड्या नव्हत्या.

बुधवारी डब्यात वड्या आल्या. नारळाचा रस, गूळ, वेलची. सुरीने कापलेल्या, दुधावरच्या सायीसारख्या थरथरणाऱ्या. मास्तरांनी पहिली जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा डबा निम्मा झाला होता.

संध्याकाळी नाक्यावरच्या बूथवरून त्यांनी पेणला फोन लावला.

“काय जेवताय?” वत्सलाबाईंनी विचारलं.

“काल तिळाचे वडे. आज नारळाच्या रसातल्या वड्या.”



“कोण आलंय घरात?” वत्सलाबाईंनी थंड आवाजात विचारलं.

मास्तरांनी फोन ठेवला आणि त्वेषाने स्वतः बटाट्याची भाजी करायला घेतली. बटाटे त्यांनी पट्टी लावून चिरले. प्रत्येक फोड एक सेंटिमीटरचा घन! अशी देखणी भाजी अख्ख्या रायगड जिल्ह्यात कुणी केली नसेल. फक्त मीठ दोनदा पडलं. म्हणजे एकदा घातलं, आणि घातलं की नाही हे आठवेना म्हणून पुन्हा घातलं. पहिल्याच घासाला मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. आता ही टाकायची तरी कुठे? अक्कांचं नाक! बोळातलं कुत्रं जरी पाणी पाणी करत फिरलं, तरी त्या ओळखतील. गेली भाजी डब्यात!

गुरुवारी डब्यातून करंज्या आल्या. तिखटाच्या, खुसखुशीत. आत बटाट्याचं नि पावट्याचं सारण आणि मीठ असं बेताचं, की तराजूत घालून बघावं. मास्तर तिसरी करंजी खात होते आणि दाताखाली एक फोड आली. त्यांनी ती बोटांनी बाहेर काढली. बघितली. उठून पाण्याने धुतली. कंपासपेटीतली पट्टी आणून मोजली.

लांबी एक सेंटिमीटर. रुंदी एक. उंची एक.

जगात असा घन कापणारा एकच माणूस होता!

मास्तर तशीच ती फोड तळहातावर घेऊन बोळ ओलांडून गेले. मिरियमबाय मागच्या अंगणात होती. तिथे चटईवर पांढऱ्या सांडग्यांच्या ओळीच ओळी वाळत होत्या, पहिल्या दिवशीच्या प्रार्थनेला उभ्या केलेल्या वर्गासारख्या.

“मिरियमबाय, ही माझी भाजी आहे!”

“मग कोनाची असनार?” ती हसली. “बाकीची चेचली. पन ती एक फोड लय सुंदर होती, मास्तर. मोडवेना मला.”

“आणि ते वडे?”

“तुमचाच भात.”

“वड्या?”

“तुमचाच भात.”

“आणि हे?” मास्तरांनी अंगणभर पसरलेल्या सांडग्यांकडे हात केला.

“ह्यो पन तुमचाच. अजून एक चटई सायमनच्या खाटेवर हाय. तो तीन दिस खुर्चीत झोपतोय.”

मास्तर पायरीवरच बसले. तीन दिवस ज्याच्यापुढे ते हात जोडत होते, ते त्यांनीच बाहेर काढलेलं खरकटं होतं! त्यांनी आयुष्यात मोठमोठी प्रमेयं पाहिली होती, पण कुठल्याही प्रमेयापुढे त्यांच्या अंगावर असा काटा आला नव्हता.

“हे तुम्हाला येतं कसं हो?”

“येतं म्हंजे? नऊ मानसांचं रांधायची सवय ह्या हाताला. मानसं गेली निघून, हात कुटं ऐकतो? आजबी दोघांच्या जागी चौघांचं करून बसते. मग रोज कालच्याचं कायतरी.” तिने एक सांडगा उलटा केला. “शिळं म्हंजे अर्धं काम झालेलं असतं, मास्तर. त्याला घाबरायचं नाय.”

मास्तरांनी तिथल्या तिथे अक्का, रविवार आणि दुधी सगळं सांगून टाकलं. मिरियमबाय म्हणाली, घाबरू नका, शनिवारी रात्री येऊन सगळं मार्गी लावते.

त्या भरवशावर मास्तरांनी शुक्रवारी पुन्हा हात सैल सोडला. यावेळी भाताला तिनाने भागलं, तो बरोबर आला. पण वरण घट्ट झालं म्हणून पाणी, पातळ झालं म्हणून डाळ, असं करत ते पातेलंभर झालं, आणि त्या वरणाचा धसका घेऊन भातही तसाच उरला. पोळ्या अकरा झाल्या. त्यातल्या आठ वाजवता येत होत्या.

आणि शनिवारी सकाळी वरशाचा दूधवाला मोरू दूध ओतता ओतता म्हणाला, “मास्तर, अक्कांचा निरोप हाय. उद्या नाय, आजच येतात. अकराला.”

दहा वाजले होते! मास्तर डबा घेऊन पलीकडे धावले. मिरियमबाय ओट्यावर स्वच्छ लुगडं नेसून, हात मांडीवर ठेवून शांत बसली होती.

“मिरियमबाय, चला! अक्का येतेय!”

“आज शब्बाथ, मास्तर, आमचा इसाव्याचा दिस. दिवे लागून चांदण्या दिसेस्तवर मी चूल पेटवत नाय, तवा धरत नाय.”

मास्तरांचा चेहरा दुधीसारखा झाला.

“पन बोलायला बंदी नाय,” मिरियमबाय म्हणाली. “जा. खिडकी उघडी टाका.”

मग त्या बोळात जे झालं, ते रोह्याने आजवर पाहिलं नव्हतं. ओट्यावर हात मांडीला लावून बसलेली म्हातारी आणि समोरच्या खिडकीत कोपरापर्यंत भात माखलेले हायस्कुलचे गणिताचे मास्तर!

“भात कुस्करा! वरन घाला त्यात! पानी नाय!”

“किती वरण? आकडा सांगा!”

“आकडा नाय! गोळा हाताला चिकटायचा थांबेस्तवर तांदळाचं पीठ!”

“चिकटतोय!”

“मग अजून! कांदा, मिरची, ओवा!”

तेवढ्यात मासळीची पाटी घेऊन सगुणा कोळीण बोळात शिरली. क्षणभर ऐकलं आणि खिडकीत तोंड घातलं. “मास्तर, मीठ?”

“घालू?”

“वरनात आधीच असल! चाखा आधी!” दोघी एकदम ओरडल्या.

“थापा ओल्या फडक्यावर! तव्यावर टाका! मधी बोटानं भोक पाडा, त्यात तेल! आता काय ऐकू येतं?”

“चर्र!”

“ते थांबलं की उलटा!”

मास्तरांनी उलटलं. आणि उलथनं हातात तसंच धरून ते बघत राहिले. तांबूस, जाळीदार, कडेने कुरकुरीत, वाफाळणारं थालीपीठ! ते त्यांच्या हातून झालं होतं! ज्या हातांनी फक्त खडू धरला होता, त्या हातांतून!

“पोळ्या कुटा! गूळ, तूप! लाडू वळा!” पलीकडून आवाज आलाच.

लाडू झाले. पलीकडच्या चटईवरचे सांडगे आणून तळले, ते चौपट फुलले. आणि मास्तरांनी शेवटचं थालीपीठ तव्यावर टाकलं तेव्हा अक्का बोळाच्या तोंडाशी उभ्या होत्या!

“उलटा आता, मास्त...” मिरियमबायने अक्कांना पाहिलं. बाई चतुर! त्याच दमात तिने सूर बदलला. “उलटायचं कधी, मास्तर? मला पन शिकवा की हो! अख्खी आळी तुमच्याकडनं शिळ्याचं ताजं करून नेते, मीच एकटी मागं राहिले!”

सगुणानेही मान डोलावली. “व्हय, व्हय. लय हुशार मानूस.”

अक्कांनी झाकणं उघडली. पातेली रिकामी. परात रिकामी. त्यांनी वाकून घंगाळात बघितलं. रिकामं. मग बसल्या. थालीपीठाचा एक तुकडा मोडला. दुसरा मोडला. चार थालीपीठं, सहा सांडगे आणि तीन लाडू झाल्यावर त्यांनी पदराने तोंड पुसलं.

“शरदराव,” त्यांचा आवाज चक्क हळवा झाला होता, “हे शिळ्याचं आहे?”

“कालचा भात, कालचं वरण, कालच्या पोळ्या,” मास्तर छाती फुगवून म्हणाले. गणितात खोटं बोलता येत नाही, तसं त्यांनी एक अक्षरही खोटं सांगितलं नव्हतं.

“मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं हो!” अक्कांनी चक्क हात जोडले. “तुम्हाला वरशाला यायची काही गरज नाही!”

त्या रात्री मास्तर विजयी वीरासारखे झोपले.

सोमवारी सकाळी मोरूने दुधाबरोबर एक डबा पुढे केला. ऐसपैस, चांगला चार पुडाचा. “अक्कांनी दिलाय. रोज आनायला सांगितलंय, वत्सलाताई येईस्तवर.”

मास्तरांनी पहिला पूड उघडला. कालची दुधीची भाजी. दुसरा उघडला. दुधीची आमटी. तिसरा, चौथा उघडायची हिंमत झाली नाही. झाकणाला चिठ्ठी होती:

“शरदराव, तुमच्या हातचं काहीतरी करून पाठवा. डबा रिकामा येऊ देऊ नका.”

मास्तर डबा घेऊन पलीकडे गेले. मिरियमबायने एकेक पूड वास घेत घेत उघडला. त्या आठवड्यात मास्तरांनी पहिल्यांदाच तिला इतका वेळ विचारात पडलेलं पाहिलं. मग तिने झाकणं होती तशी बसवली.

“नाय, मास्तर,” ती म्हणाली. “ह्याचं कायच होत नाय.”

मास्तर घरी आले. कागद घेतला. उरलेले दिवस तीस. रोजचे चार पूड. चार गुणिले तीस, एकशेवीस. मग एकदम त्यांना आठवलं, दुधी शिजला की आटतो! भात फुगला तसा हा कमी होणार! त्यांनी आनंदाने पेन्सिल उचलली, तिनाने भागायला घेतलं आणि मध्येच थांबले.

हा दुधी आधीच शिजलेला होता.