पन्नास कोटींचं बैरंग

प्रदर्शन आठ दिवसांवर आलं आणि श्यामलाबाईंचं पन्नास कोटी मार्कांचं जुनं जर्मन टपाल तिकीट गायब झालं. शंभर वर्षांपूर्वी जर्मनीत महागाई अशी चेकाळली होती, की साध्या पत्रालाही कोटींची तिकिटं लागत. तो सगळा संच श्यामलाबाईंनी कर्वेनगरात बसून, वीस वर्षं खपून जमवला होता. पदक मात्र दरवर्षी हुकायचं. "कोरी तिकिटं काय, कुणीही जमवतं. टपालातून गेलेलं काही आहे?" असं विचारून प्रदर्शनाचे आयोजक आणि परीक्षक फडणीस पुढच्या टेबलाकडे वळत.

घर उलथंपालथं झालं. गाद्या झटकल्या, रद्दी उपसली. त्यांचे यजमान मोरेश्वरराव तर बॅटरी घेऊन कपाटाखाली शिरले.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळीच पोस्टमन दारात उभा राहिला. "काका, तुमचं पत्र परत आलंय. हे तिकीट आपल्याकडं चालत नाही, म्हणून बैरंग. समोरच्यांनी घेतलं नाही. दंडासकट दहा रुपये द्या."

पाकिटावर पन्नास कोटींचं तिकीट ऐटीत बसलं होतं.

"अहो! हे तुम्ही लावलंत?"

"टेबलावर पडलं होतं. म्हटलं, पन्नास कोटींत पाच रुपयांचं काम होईल."

"मग आठ दिवस कपाटाखाली काय शोधत होतात?"

"तू हरवलेलं तिकीट शोध म्हणालीस. हे हरवलं नव्हतं, वापरलं होतं."

मोरेश्वरराव आठवड्याला एक तक्रार टपालात टाकत. ही प्रदर्शनाच्या आयोजकांना होती. श्यामलाबाईंना रडूच कोसळलं. डोळे पुसता पुसता त्यांचं लक्ष पाकिटावरच्या शिक्क्यांकडे गेलं, आणि रडू थांबलं. त्यांनी ते पाकीट न उघडता अल्बमच्या रिकाम्या जागी बसवलं.

संध्याकाळी फडणिसांचं भिंग त्या पानावरून हलेना.

"शंभर वर्षांनीसुद्धा या तिकिटाची किंमत शून्य, याचा सरकारी दाखला! बाई, महागाईचा याहून मोठा पुरावा मी पाहिला नाही. पण असलं पत्र नाकारणारा महामूर्ख कोण?"

"पत्ता वाचा," श्यामलाबाई म्हणाल्या. "आपलंच नाव आहे."

सुवर्णपदक गळ्यात पडलं तेव्हा श्यामलाबाईंना वीस वर्षांचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. टाळ्या थांबल्यावर फडणिसांनी मानेवरचा घाम पुसला.

"आत लिहिलंय तरी काय? उघडा ना."

"छे! उघडलं तर फाटेल," श्यामलाबाई म्हणाल्या.

मोरेश्वरराव माहितीपत्रकानं वारा घेत शेजारी उभे होते.

"विशेष काही नाही," ते म्हणाले. "हॉलमध्ये पंखे लावा, एवढंच."