हँडिकॅपचा निवाडा

दातांचे डॉक्टर गोल्फ क्लबाचे सेक्रेटरी झाले तेव्हा त्यांना वाटलं होतं, इथे निदान कुणी खोटं बोलणार नाही. दवाखान्यात माणसं खुर्चीवर टेकताच थापा मारत. "दोन वेळा घासतो, डॉक्टर," असं म्हणत जो जबडा उघडे, त्यात आठवडाभराची जेवणं दिसत. क्लबात प्रकार तोच निघाला, फक्त उलटा. वर्षभर चहाच्या टेबलावर स्वतःच्या फटक्यांच्या फुशारक्या मारणारा माणूस स्क्रॅम्बल स्पर्धा जवळ आली की कंबर धरून चालू लागे.

कारण होतं हँडिकॅप. स्क्रॅम्बलमध्ये चौघांची टीम. चौघांनी मारायचं, सगळ्यांत चांगला चेंडू जिथे पडला असेल तिथून पुन्हा चौघांनी मारायचं, आणि शेवटी टीमच्या फटक्यांतून चौघांच्या हँडिकॅपची सरासरी वजा करायची. खेळाडू जितके कच्चे, तितकी वजाबाकी मोठी. आणि आपण किती कच्चे हे, क्लबाच्या जुन्या रिवाजाप्रमाणे, ज्याचं त्यानेच सांगायचं! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

गेल्या वर्षी वकिलांनी स्वतःला असं काही दीनवाणं ठरवून घेतलं की कप त्यांनी चालत चालत नेला. कंत्राटदार बक्षीस समारंभातच ओरडले. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. डॉक्टर त्या गदारोळात खुर्चीवर चढले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी हँडिकॅपवरून एक जरी तक्रार आली, तरी मी सेक्रेटरीपद सोडीन!" टाळ्या इतक्या जोरात पडल्या की त्यांना लगेच पश्चात्ताप झाला. पदावर त्यांचा फार जीव होता. दवाखान्यात लोक त्यांच्यापुढे तोंड उघडत, पण बोलायला नव्हे. क्लबात लोक त्यांचं मत विचारत.

यंदा स्पर्धा जवळ आली तसे डॉक्टर जेवणाच्या टेबलावर आकडेमोड करत बसू लागले.

"मी कुठल्या टीममध्ये?" बायकोने विचारलं.

"आपली टीम भरली गं. मी, माझा धाकटा भाऊ, तुझा भाऊ आणि तुझे बाबा."

"मी तुम्हा चौघांपेक्षा बरी खेळते."

"म्हणून तर! कंत्राटदारांना एक माणूस कमी पडतोय. तुझी त्यांना मदत होईल."

तिने पातेल्यावर झाकण ठेवलं, जरा जोरातच. "आणि हे काय गिरगटताय? स्वतःचं वजन कुणी खरं सांगतं का? दुसऱ्याला सांगायला लावा."

डॉक्टरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सकाळपर्यंत ती कल्पना त्यांची स्वतःची झाली होती.

क्लबाच्या हॉलमध्ये त्यांनी नियम जाहीर केला. टीम तीनच होत्या. प्रत्येक टीममधल्या एकाने उठून दुसऱ्या टीमचा खेळ कसा आहे ते सांगायचं, सांगेल तो आकडा फळ्यावर, त्यावर अपील नाही.

आधी वकील उठले. कंत्राटदारांचा हँडिकॅप कमी करायचा तर त्यांची स्तुती करणं भाग होतं. त्यांनी घसा साफ केला. "कंत्राटदारांचा पहिला फटका म्हणजे काय सांगावं! असा खांदा मी पाहिला नाही. त्यांना हँडिकॅप देणं म्हणजे त्यांचा अपमान आहे. शून्य लिहा."

कंत्राटदार तक्रार करायला अर्धे उठले होते, ते तसेच थबकले. वर्षभर तोंड न पाहणारा माणूस भरसभेत आपल्या खांद्याचं कौतुक करतोय! नाही म्हणायचं तर 'माझा खांदा तसा नाही' असं म्हणावं लागलं असतं. ते हळूच खाली बसले आणि खांदा थोडा पुढे काढून बसले.

मग डॉक्टरांनी वकिलांच्या टीमची आरती ओवाळली. "वकीलसाहेब हिरवळीवर उभे राहिले की होल आपणहून जवळ येतं." वकिलांनी विनयाने मान खाली घातली आणि शून्य पदरात घेतलं. बाकीच्यांनाही दोन-चार आकड्यांवर समाधान मानावं लागलं, आणि सगळ्यांनी ते हसत मानलं. डॉक्टरांना वाटलं, आपण जग जिंकलं.

राहिली त्यांची टीम. कंत्राटदार आपल्या टीममध्ये आलेल्या डॉक्टरांच्या बायकोला उदारपणे म्हणाले, "वहिनी, तुम्हीच सांगा. घरचीच माणसं तुमची."

वहिनी उठल्या. "आमचे हे. चेंडूकडे बघायचं सोडून कोण बघतंय तिकडे बघतात. अठ्ठावीस. भाऊजी प्रत्येक फटक्याला चेंडू हरवतात आणि शोधायला जाऊन स्वतः हरवतात. तीस. माझा भाऊ झाडांवर नेम धरतो, तो मात्र चुकत नाही. बत्तीस."

"वहिनी," कंत्राटदार कुजबुजले, "अहो, स्तुती करायची असते!"

"खोटं बोलू का, भाऊ? मग वकिलांनी तुमच्या खांद्याबद्दल जे सांगितलं तेही तपासायला लागेल."

कंत्राटदारांनी पुढे काढलेला खांदा हळूच मागे घेतला.

"आणि बाबा," ती म्हणाली. बाबा म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. आयुष्यभर दुसऱ्यांना गुण दिलेला माणूस. "बाबांच्या फटक्याने चेंडूपेक्षा गवत लांब जातं. छत्तीस."

हॉल हसला. डॉक्टरांचे कान लाल झाले, पण हात लिहीत राहिला. नियम त्यांचाच होता.

स्पर्धेच्या दिवशी वहिनींचा शब्द न् शब्द खरा ठरला. धाकटा दोनदा हरवला. मेहुण्याने वाटेतलं एकही झाड सोडलं नाही. पण चौघांत मिळून दर वेळी एखादा चेंडू कुठेतरी बरा पडे, आणि रडतखडत ते पोहोचले. तिकडे वकील आणि कंत्राटदार आपापल्या स्तुतीला जागण्यासाठी जिवापाड खेळले. इतकं सुंदर ते कधीच खेळले नव्हते. वजाबाकी झाली आणि डॉक्टरांची टीम एका फटक्याने जिंकली.

डॉक्टरांनी हॉलमध्ये विचारलं, "कुणाची काही तक्रार?"

वकिलांनी कंत्राटदारांकडे पाहिलं, कंत्राटदारांनी वकिलांकडे. वर्षात पहिल्यांदाच नजरानजर झाली. 'मला कमी मिळाले' म्हणावं, तर आपण शून्याच्या लायकीचे नाही हे कबूल करायचं. 'त्यांना जास्त मिळाले' म्हणावं, तर झाडांवरचे व्रण सगळ्यांनी पाहिलेले. दोघांनीही नकारार्थी मान हलवली. डॉक्टरांचा ऊर भरून आला.

"माझी आहे!" मागून आवाज आला. बाबा उभे होते. "छत्तीस! अरे, मी इतका वाईट खेळत नाही. छत्तीस गुणांवर पोरगं काठावर पास होतं. माझा आकडा निम्मा करा!"

डॉक्टरांच्या पायाखालची जमीन सरकली. आकडा निम्मा केला की कप गेला. आणि तक्रार लिहून घेतली की पद गेलं. घरचाच अहेर!

"बाबा," मुलगी शांतपणे म्हणाली, "नुसतं बोलून काय उपयोग? दाखवा. हे अंगण, ती हिरवळ, ते होल. तीन पावलांवरून. गेला तर आकडा निम्मा."

सगळा क्लब बाहेर आला. बाबांनी गोल्फची काठी घेतली, पाय रोवले. डॉक्टर जन्मात पहिल्यांदा सासऱ्यांच्या अपयशासाठी देव पाण्यात घालून बसले. बाबांनी होलकडे पाहिलं. मग दारात धाकट्याने छातीशी धरलेल्या कपाकडे पाहिलं. मग मुलीकडे. बराच वेळ पाहत राहिले.

आणि मारलं. चेंडू होलच्या बाजूने, हिरवळ ओलांडून, पायरीवरून उडी मारून थेट गुलाबाच्या वाफ्यात गेला.

"छत्तीस!" वकील आणि कंत्राटदार एका सुरात ओरडले आणि हसता हसता एकमेकांच्या खांद्यावर रेलले. टाळ्यांनी अंगण दणाणलं. बाबांनी खेळाडूसारखी मान झुकवली, कप घेतला आणि घरी पोहोचेपर्यंत तो कुणाच्या हाती दिला नाही.

रात्री जेवताना ते म्हणाले, "जावईबापूंचं पद वाचावं म्हणून मुद्दाम चुकवला हो मी तो."

डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलीने वडिलांच्या पानात वाढलं, क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "खरंच, बाबा. वीस वर्षं किती जणांसाठी चुकवत आलात तुम्ही!"